पहिलटकरीण

कोट दुरुस्तीला आला की ताई आधी एकच विचारायची, "यापूर्वी कुणी उसवलाय का? खरं सांगा, रागावणार नाही." दोनदा उसवलेलं कापड ताण पडला की दगा देतं, हे शिवणकाम करता करता तिला कळून चुकलं होतं. गिऱ्हाईक हमखास "नाही" म्हणायचं. मग शिवणीवरची जुनी भोकं दाखवत ताई हसायची, "ही काय उंदरांनी पाडली?"

आणि त्याच ताईने डॉक्टरीणबाईंसमोर तोंड उघडलं ते लपवायलाच.

धाकट्या बहिणीला तिसरा महिना होता. तिची सासू शेजारच्याच खुर्चीवर. "आधी कधी दिवस राहिले होते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. धाकटीने ताईकडे पाहिलं.

"छे हो, पहिलटकरीण आहे," ताई म्हणाली. इतकं सहज, की तिचं तिलाच नवल वाटलं.

धाकटीच्या लग्नाआधी ताईनेच तिला लांबच्या दवाखान्यात नेलं होतं. गर्भपात झाला, पण नंतर ताप भरला, रक्त थांबेना. "थोडी कळ काढ, बभ्रा नको," असं म्हणून ताईने दिवस ढकलले. शेवटी आत राहिलेलं काढायला पिशवी पुन्हा साफ करावी लागली होती.

आता पाचव्या महिन्यात, ध्यानीमनी नसताना, पिशवीचं तोंड उघडलं. मुलगी होती. जेमतेम वीतभर.

तेव्हा कुठे ताईने डॉक्टरीणबाईंना एका बाजूला घेऊन खरं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "गर्भपातामुळे सहसा पुढे काही बिघडत नाही. पण दोनदा हत्यारं घालावी लागली, तेव्हा पिशवीच्या तोंडाला इजा झाली असेल. त्यामुळेच झालं, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. माहीत असतं तर लक्ष ठेवलं असतं. गरज वाटली असती तर टाका घातला असता."

टाका. ताईने हातातली पिशवी उगाच घट्ट धरली.

वर्षभराने धाकटी दुकानात आली. "ताई, पुन्हा दिवस राहिलेत."

ताईने मशीन थांबवलं. "कधी जायचं? दुकान बंद ठेवते."

"तू नको येऊस."

"अगं, पण सासूबाई..."

"त्यांना सगळं सांगितलं. आधी तोंड फिरवून बसल्या. मग म्हणाल्या, तेव्हाच बोलली असतीस तर? मला काय वाघीण समजलीस?" धाकटी जराशी हसली. "त्याच येतायत."

"माझ्यावर राग आहे तुझा?"

"राग नाही गं. पण डॉक्टर मला विचारतात आणि बोलतेस तू."

ती गेल्यावर ताईने अर्धवट राहिलेला कोट पुढे ओढला. हेही गिऱ्हाईक "नाही"च म्हणालं होतं. शिवणीच्या कडेने जुन्या सुईची बारीक भोकं होती. ताई त्यांवरून बोट फिरवत बसली. मशीन काही तिच्याने सुरू होईना.