लाल पट्टीच्या अलीकडे

"पायातला दोरा सोड आधी," खिसेकाका म्हणाले.

"सोडणार नाही. श्वासवाल्या गुरुजींनी बांधलाय. गाठ विरघळेपर्यंत काढायचा नाही म्हणालेत."

"अगं, गाठ डॉक्टर काढतायत. मग विरघळायला राहणार काय?"

"उरलीसुरली!" काकूंनी ठणकावलं आणि स्ट्रेचरवरच पाय पोटाशी घेतले.

ऑपरेशन थिएटरच्या दाराआधी फरशीवर लाल पट्टी रंगवली होती. पट्टीच्या पलीकडे हिरव्या टोप्यांचं राज्य, अलीकडे खिसेकाकांचं. वॉर्डातून पेशंट ढकलत आणायचा, पट्टीशी थांबायचं आणि विचारायचं, "बोटात काही? गळ्यात? कानात? तोंडात?" जे निघेल ते सांभाळायचं आणि पेशंट शुद्धीवर आला की त्याचं त्याला परत करायचं. उभा जन्म त्यांनी हेच केलं होतं. स्ट्रेचर त्यांच्या हातात लोण्यावरून सुरी फिरावी तसं चालायचं.

पण माणसं नुसत्या अंगठ्या घेऊन येत नाहीत. भूल घ्यायला निघालेल्या माणसाची मूठ उघडून बघावी. कुणाच्या मुठीत मंतरलेला दोरा, कुणाच्या मुठीत नदीतला खडा, कुणाच्या आईच्या जुन्या साडीची चिंधी. देहाची काळजी डॉक्टरांवर टाकलेली असते, जिवाची अजून मुठीत असते. काका ती मूठ हळूच सोडवायचे. म्हणायचे, "सांभाळतो. काळजी नको." तुमचा विश्वास आहे का यावर, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी हमाल. ओझं वाहतो, उघडून बघत नाही."

एकदाच घोटाळा झाला होता. एका पहिलवानाचा तांब्याचा ताईत आणि एका शाळामास्तरीण बाईंचा गुलाबी दगड खिशात एकत्र झाले आणि उलटसुलट परत गेले. दोघं ठणठणीत बरी झाली, तिथंच पंचाईत झाली. बाई म्हणाल्या, अंगात दहा रेड्यांचं बळ आलंय. पहिलवान वॉर्डात उशाशी दगड घेऊन मुळूमुळू रडत होता. म्हणे, इतकं हळवं आजवर कधी वाटलं नव्हतं. उलगडा झाला तेव्हा दोघांनीही वस्तू परत द्यायला साफ नकार दिला.

त्या दिवशी हसून हसून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी मशीन काढलं आणि नवऱ्याच्या गणवेशाला खाटेगणिक एक असे आतून-बाहेरून खिसे शिवून दिले. तेव्हापासून त्यांचं नाव खिसेकाका पडलं. वॉर्डातल्या एका म्हातारीने तर ओळीच रचल्या होत्या:

खिसेवाल्या दादा, गाडी हळू हळू ने रे,
खिशामंदी माझा देव, त्याला जागा दे रे.

घरी आले की काका दिवसभराच्या गमती करून दाखवायचे. दोरा सोडताना हुंदके देणारा ठेकेदार, भुलेतच बायकोची माफी मागणारा वकील. आणि सगळ्यात रंगायची ती कवळी काढलेल्या माणसांची नक्कल. ओठ आत ओढून, गाल बसवून काका म्हणायचे, "शांभाळा हो काका, नवी कोली हाय!" काकू तोंडावर हात धरून हसायच्या.

मग एकदा पडदे काढताना काकू स्टुलावरून तोंडावर आपटल्या. पुढचे दात गेले. कवळी आली. त्यानंतर काकांनी ती नक्कल केली नाही, पण तो विषयही कधी निघाला नाही. काकू दिवा मालवल्यावरच कवळी काढत आणि उजाडायच्या आत लावत. मोरीत एक वाटी बशीखाली झाकलेली असे. काकांनी ती बशी कधी उचलली नाही. कपाटात चोर असावा आणि दोघांनी मिळून त्याला राहू द्यावं, तसं चाललं होतं.

नंतर गर्भाशयात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. काकू म्हणाल्या, बघू. आणि वर्षभर त्यांनी जे जे बघितलं ते सांगावं तर रात्र सरेल. काढेवाला झाला. त्याच्या काढ्याने गाठ जागची हलली नाही, पण मोरीचं तुंबलेलं नळकांडं मोकळं झालं. दगडवाल्या बाई झाल्या. त्यांनी पोटावर ठेवायला काळा दगड दिला. फोनवरून लहरी पाठवणारे एक गृहस्थ झाले. त्यांची अट एकच होती: रेंज नसेल तर लहरी माघारी येतात, तेव्हा गच्चीवर उभं राहा. काकू गच्चीवर फोन पोटाला लावून उभ्या, आणि शेजारीण विचारतेय, "अहो, कुणाला ऐकवताय?"

श्वासवाले गुरुजी तेवढे खरे निघाले. त्यांच्यामुळे काकूंना शांत झोप लागू लागली. काकूंनी ते डॉक्टरांना ऐकवलं. डॉक्टर म्हणाले, "छान. श्वास गुरुजींचा ठेवा, गाठ मला द्या."

ती वाटणी काकूंना पटली, म्हणून त्या आज इथे होत्या.

"काका, झालं का?" दारातून भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"होतंय, मॅडम."

"घरच्या पेशंटला जास्त वेळ लागतो," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. त्या वॉर्डातून सोबत आल्या होत्या.

दोरा सुटला. दगड निघाला. अंगठी, कानातलं, सगळं निघालं. राहिला एक प्रश्न. काकूंनी वॉर्डात सिस्टरना सांगितलं होतं की कवळी नाही. काका तेव्हा शेजारीच उभे होते, चादरीची घडी नीट करत. ज्या प्रश्नाने त्यांनी हजारो माणसांना अडवलं होतं, त्याने आज त्यांनाच अडवलं.

"आणि... तोंडात?"

"तोंडात जीभ आहे," काकू म्हणाल्या. "तीही काढून हवीय का?"

"ती निघत असती तर काकांनी केव्हाच ठेवून घेतली असती," सिस्टर म्हणाल्या. काका हसले नाहीत. ते वाकले, काकूंच्या कानाशी आले.

"अगं, ती बशीखालची भुलेत घसरते. श्वासाच्या वाटेत जाऊन बसते. असं झालेलं मी ऐकलंय. गुरुजींनी शिकवलेला श्वास मग तिथंच थांबेल."

काकूंचा चेहरा आवळला. "मग मला माघारी न्या."

"वेडी आहेस का?"

"हो, आहे. तुम्हीच करून दाखवायचात ना? ओठ आत घेऊन, गाल बसवून. मी हसायचे. तेव्हा माझे दात माझे होते." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "वर्षभर मी काय गाठीला भिऊन फिरले? या पट्टीला भिऊन फिरले. इथं तुम्ही उभे असणार, हे मला ठाऊक होतं."

काकांनी उगाच खिसे चाचपले. दारात मॅडम घड्याळ बघत होत्या. आतले दिवे लागले होते. आज परत गेल्या तर काकू पुन्हा येणार नाहीत, हे काकांना पक्कं माहीत होतं.

त्यांनी स्ट्रेचरची दांडी सोडली. काकूंकडे पाठ केली आणि हात मागे नेऊन तळवा उघडा धरला.

"दे."

"सिस्टर बघतायत."

"सिस्टर, तिकडे बघा जरा."

सिस्टर आयुष्यात कुणाचं ऐकत नसत. त्या निमूट भिंतीकडे वळल्या.

"मॅडम, तुम्हीसुद्धा."

मॅडमनी छताकडे बघायला सुरुवात केली. आतून डोकावणाऱ्या हिरव्या टोपीने, काय चाललंय ते न कळता, स्वतःच्या बुटांकडे बघितलं. त्या दाराशी क्षणभर कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

तळव्यावर काहीतरी पडलं. ओलं, कोमट, हलकं. काकांनी मूठ मिटली आणि ते छातीवरच्या खिशात ठेवलं. हा खिसा त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता. मग दगडही तिथंच सारला.

चाकं पट्टीपलीकडे गेली. दार मिटता मिटता आतून आवाज आला, "चहात शाखर कमी घाला!"

काका वळले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले.

"काका, आज रजा घ्या," सिस्टर म्हणाल्या. "परतीला दुसरा कुणी नेईल."

"दुसऱ्याला एक्स-रेपाशी उचललेली फरशी माहीत नाही. आपटेल तिला."

ते बाकावर बसले. खिशातला दगड अंगठ्याने कुरवाळू लागले. थोड्या वेळाने सिस्टरना दिसलं, काका डोळे मिटून सावकाश श्वास घेतायत, थांबवतायत, सोडतायत. गुरुजींनी काकूंना शिकवलेला होता तस्साच. पुढच्या पेशंटचा ताईत सिस्टरनी स्वतःच्या खिशात टाकला.

दुपार कलली तेव्हा डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. "निघाली. अख्खी निघाली. तपासायला पाठवतोय, पण मला भीती वाटत नाही." मग काकांच्या खिशातल्या मुठीकडे बघून म्हणाले, "तो दगड मात्र परत द्या त्यांना. उठल्यावर शोधतील."

स्ट्रेचर आलं. काका डोक्याच्या बाजूला उभे राहिले, नेहमीसारखे. तिथून पेशंटचा चेहरा अगदी नजरेखाली येतो. त्यांनी चादरीची कड हलकेच वर घेतली, काकूंच्या ओठांपर्यंत. सुबक घडी घातली, आणि दांडी धरली.

एक्स-रेपाशी उचललेली फरशी आली. काकांनी चाक अलगद कडेने काढलं.

"अहो," चादरीआडून धूसर आवाज आला. "बघितलंत?"

"मी ड्यूटीवर आहे," काका म्हणाले. "समोर बघून चालावं लागतं."

लांबच लांब कॉरिडॉर होता. काका समोरच बघत चालले. आणि प्रत्येक पावलाला, छातीवरच्या खिशात, दगड आणि दात एकमेकांवर हळूच किणकिणत राहिले.