एका फुंकरीचा फरक

बंडूजीनं बापूरावच्या चहात दोन चमचे मीठ टाकलं आणि बापूरावनं तो चहा बुडापर्यंत पिऊन टाकला.

नाचणगावच्या स्टॉपवरची टपरी हसायला तयारच होती. चहावाल्यानं तर हसू दाबायला तोंडात दुपट्टा धरला होता. पण बापूरावनं कप ठेवला, हात जोडले, "मंगल होवो" म्हणाला आणि घराकडे चालता झाला. मग एक म्हणाला, "बापू पोचला बाप्पा. एवढी समता तं साधूलेबी नाई जमत."

बंडूजीचा चेहरा मात्र पडला. तो आपल्या ऑटोत जाऊन बसला आणि सवारी आली तरी त्यानं किल्ली फिरवली नाही.

खोड्या हा बंडूजीचा जन्माचा धंदा, ऑटो आपला पोटापुरता. बंद पडलेल्या हातपंपावर 'आज उपवास आहे' अशी पाटी त्यानंच लावली होती. एका लग्नात नवरदेव ठार बहिरा आहे अशी हवा त्यानंच सोडली, आणि मग अख्खा मांडव त्या पोराच्या कानाशी जाऊन बोंबलून आशीर्वाद देत होता. या धंद्यातून बंडूजीला माणसांची चांगलीच पारख आली होती. शांत झालेला माणूस खारट चहा थुंकतो, शिवी देतो आणि मग हसतो. ज्याला खारट लागतच नाही, तो शांत कशाचा? त्याचं मनच जागेवर नाही.

बापूराव एसटीत कंडक्टर होता. जन्मभर लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत रिटायर झाला. मागल्या वर्षी त्याची बायको कमला गेली. पुण्यानुमोदनाला सारं गाव जेवलं, भंतेजींनी 'अनिच्चा वत संखारा', काहीच टिकत नाही, असं म्हटलं, आणि महिनाभरानं बापूराव नागपूरकडे दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेला. त्याचं भलंच झालं, हे बंडूजीही कबूल करायचा. तिथून आल्यावर बापूराव निदान झोपायला लागला. सकाळ-संध्याकाळ बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर मांडी घालून बसायचा, दगडासारखा. पण उठल्यावरही तो तसाच दगड राहायला लागला. पोळी वाळली, अनिच्चा. छप्पर गळलं, अनिच्चा. कॅरमचा डाव मांडलेला सोडून उठायचं, तेही अनिच्चा.

हेही चाललं असतं. पण त्याची एकुलती पोरगी मयुरी, सिंदी मेघेला दिलेली, तिला सातवा लागला होता. पहिलटकरीण. माय नाही, पण माहेर तर आहे, म्हणून तिनं बापाला फोन केला की मी बाळंतपणाला येते. बापूराव म्हणाला, येऊ नको, इथं काय ठेवलं आहे, सगळं अनिच्चा आहे. पोरीनं फोन ठेवला आणि रडत बंडूजीला लावला.

"काका, मी काय त्याहिले डोईजड झाली का?"

मयुरीनंच सांगितलं की ती तपासायला जाते त्या वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या त्रासाचीही एक खोली आहे, तिथं मोहिनी मॅडम बसतात, लोकांशी बोलतात. बाबाले तिथं न्या ना.

न्यायचा कसा? बापूराव म्हणायचा, मी रोज धम्मात बसतो, मले काय धाड भरली. मग बंडूजीनं एक डाव टाकला. दोन दिवस दाढी केली नाही, ऑटो दारातच उभा ठेवला, आणि बापूरावकडे जाऊन खाली मान घालून बसला. बापू, मले झोप नाई, भूक नाई, वर्ध्याले मॅडमकडे जायचं आहे, एकट्याले भेव वाटते, संग चाल. करुणा हा बापूरावचा हळवा कोपरा, हे बंडूजीला ठाऊक होतं. दोघं एसटीनं निघाले.

मोहिनी मॅडम सेलूकडची, शेतकऱ्याघरची, वयानं मयुरीपेक्षा थोडी मोठी. तिनं दोघांना खुर्च्या दिल्या आणि बंडूजीला विचारायला लागली. झोप? कशीबशी. भूक? नाई. जेवणाची चव? काहीच लागत नाई मॅडम, मीठबी समजत नाई. लोकांत बसावंसं वाटतं? नाई. पोरीबाळी? त्याहिलेबी येऊ नका म्हणतो. बंडूजी असा रंगात आला की डोळ्यांत पाणी आणायच्या बेतात होता. कधीपासून, असं मॅडमनं विचारलं आणि त्याच्या तोंडातून निघून गेलं, "कमलावहिनी गेल्या तवापासून."

मॅडमचा पेन थांबला. तिनं बंडूजीकडे पाहिलं, मग बापूरावकडे.

"बंड्या," बापूराव हळूच म्हणाला, "हे तं तू माहं सांगून राह्यला बे."

पूर्वीचा बापूराव असता तर खुर्ची उचलली असती. हा नुसता उसासा टाकून म्हणाला, "असू दे. अनिच्चा."

मॅडमनं ते लिहून घेतलं. बापूरावला कंडक्टरकीमुळे कोणताही कागद उलटा वाचायची सवय. तो पुढं वाकला. "मॅडम, छ नाई. च. तुमी 'अनिच्छा' लिहून राह्यल्या. मी 'अनिच्चा' म्हणलो. पाली शब्द आहे. म्हणजे काहीच टिकत नाई, सगळं बदलते."

"माफ करा काका," मॅडम म्हणाली. "मला वाटलं, कशाची इच्छा नाही म्हणता." मग तिनं साधंच विचारलं, "जेवायची होते का इच्छा?"

बापूरावनं मान हलवली. नाही.

"लेकीला भेटायची?"

या वेळी मान हललीच नाही. मॅडमनं आधीचा शब्द खोडला नाही. त्याच्या खाली दुसरा लिहिला. बंडूजीनं मनातल्या मनात दोन्ही म्हणून पाहिले. च म्हणताना तोंडातून काही निघत नाही, छ म्हणताना जरा फुंकर सुटते. फरक म्हणाल तर तेवढाच.

बसता तेव्हा काय करता, हे मॅडमनं विचारलं तसा बापूराव खुलला. टाळूपासून पायाच्या बोटापर्यंत मन फिरवायचं, जिथं जे जाणवेल ते पाहायचं, त्याला चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, एकही जागा सोडायची नाही. मॅडम म्हणाली, आमच्या शिक्षणातही हे आलं, आणि ते तुमच्याच बुद्धाकडून घेतलं आहे असं आमचे सर सांगायचे. आमच्याकडे फक्त ऐकायला एक माणूस समोर बसतो. "मग आता करून पाहता? बोलत बोलत करा. मी बसली आहे."

बापूरावनं डोळे मिटले. टाळूवर मुंग्या, म्हणाला. कपाळ गरम. गळा कोरडा. उजवा खांदा, बरा आहे. उजवा हात. मग पोट.

ऑटोवाल्याला बाकी काही कळो न कळो, सुटलेला स्टॉप बरोबर कळतो. बंडूजी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनंच विचारलं, "डावा खांदा राहिला का काका?"

"तिथं मी थांबत नाई. तिथून पुढं सरकतो."

"काऊन?" मॅडमच्या तोंडून सेलू निघालं.

बापूरावचा उजवा हात डाव्या खांद्याकडे गेला.

"तिथं कमलाचं डोकं आहे."

मग तो डोळे न उघडताच सांगत गेला. त्या दिवशी बंड्याच्याच ऑटोत पुलगावच्या दवाखान्यात निघाले होते. कमलाला घाम फुटला होता. ती घाबरू नये म्हणून बंड्या समोरून एकामागून एक गमती सांगत होता. कमला एकदा हसली, आणि मग तिनं डोकं खांद्यावर टेकलं. बापूरावला वाटलं, डोळा लागला. झोपमोड नको म्हणून तो जागचा हललाच नाही. दवाखान्यातल्या माणसानं तिला हात लावला तेव्हा समजलं.

"मी हललो असतो तं समजलं असतं, मॅडम. मी हललो नाई. तवापासून हललोच नाई."

आणि तो रडायला लागला, लहान पोरासारखा, आवाज काढून. कमलाचं ते शेवटचं हसू आपल्याच गमतीवरचं होतं, हे बंडूजीला आज पहिल्यांदा कळत होतं. तो भिंतीवरच्या गरोदर बायांच्या आहाराच्या तक्त्याकडे पाहत बसला. त्याला तक्ता दिसत नव्हता.

मॅडमनं घाई केली नाही. पाणी पुढं केलं. नंतर एवढंच म्हणाली की बसणं सोडू नका, ते तुमच्या कामाचं आहे. फक्त त्या खांद्यापाशी थोडं थांबत जा, आणि पुढच्या आठवड्यात या.

बाहेर आल्यावर बंडूजी घरी जायला पुलगावच्या बसकडे वळला, तर बापूरावनं त्याच्या शर्टाचं टोक धरलं. "सिंदी मेघेले चाल."

मयुरीच्या सासू शोभाबाई. त्यांनी व्याह्याला खुर्ची दिली, बंडूजीला चहा दिला, तब्येतीचं विचारलं. मयुरी सैपाकघराच्या दारात उभी राहिली. बाहेर आली नाही. हात पोटावर, नजर खाली.

बापूराव वाटेत मनातल्या मनात काहीतरी जुळवत आला होता. ओठ हलताना बंडूजीनं पाहिले होते. पण आता त्यातलं काहीच निघालं नाही. भलतंच निघालं.

"म्या फोनवर म्हणलो ते खरं नोतं, बाई. मले भेव वाटते. तू आली, आन् रातीबेराती तुले दवाखान्यात न्यायची पाळी आली, आन् तू माह्या खांद्यावर डोकं ठेवलं, तं म्या काय करू?"

शोभाबाईंनी पदर तोंडाला लावला. मयुरी पाय फाकत, तोल सांभाळत बापाजवळ आली आणि धप्पकन सोफ्यावर बसली.

"हालवून पाह्यजा मले," ती म्हणाली. "मलेबी भेव वाटते, बाबा. म्हणून तं तुमच्याकडं यायचं होतं."

बापूरावनं मान डोलावली, एकदा, दोनदा. अनिच्चा म्हणाला नाही. दोघं घाबरलेले बापलेक शेजारी शेजारी बसून राहिले. थोड्या वेळानं त्यानं विचारलं की घरचं छप्पर गळते, ते आधी करून घेऊ का, आणि तुले रातच्याले काय खावंसं वाटते.

शोभाबाई म्हणाल्या, डोहाळजेवण इथं होईल, मगच सून पाठवीन. बापूराव म्हणाला, तवर मीच येत जातो.

बंडूजीला तेवढ्यात एक झकास कोटी सुचली होती. त्यानं ती चहाच्या घोटासोबत गिळून टाकली.