मारलं म्हणजे नेमकं काय?

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका. पण एका क्रियापदावरून दोन शहाणीसुरती माणसं सकाळपासून इतकी भांडली, की टेबलावरच्या चहावर जी साय धरली तिच्यावर पत्ता ठेवला तर तो बुडेना.

टेबल पत्त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतलं. दुकान काकूंचं, पंचगिरी काकांची. काकांच्या एका बाजूला शिंपीण, दुसऱ्या बाजूला कंपाउंडर. या खेळात ड्रॅगन, राक्षस, जादूगार असे पत्ते एकमेकांशी लढतात आणि हरलेला पत्ता कायमचा समोरच्याच्या खिशात जातो. शिंपिणीचा राख-ड्रॅगन जखमी होता. नवऱ्याने जन्मभर जमवलेल्या पत्त्यांपैकी, तो गेल्यावर, तिच्याकडे एवढा एकच उरला होता. त्याची ताकद पाच. समोर कंपाउंडरचा राक्षस, ताकद चार.

नियमांच्या पुस्तकात छापलं होतं: ‘जखमी पत्त्याला लढाईत दोन गुणांचा दंड. त्याने शत्रूला मारले तर दंड माफ.’

“मग मारलं की!” शिंपीण म्हणाली. “पहिला फटका माझ्या ड्रॅगनचा. दंड माफ. पाचापुढे चार, राक्षस गेला.”

“वहिनी, फटका मारणं वेगळं, जिवे मारणं वेगळं. राक्षस मेलाय कुठे? दंड लागू. पाचाचे झाले तीन. आणा तो ड्रॅगन इकडे.” असं म्हणत कंपाउंडरने अंगठा जिभेला लावून पत्ते चाळले.

काकांनी आपली खुर्ची इंचभर मागे सरकवली. तो थुंकीचा अंगठा ते सकाळपासून बघत होते. पत्त्यापत्त्यावर ओला ठसा. राक्षसाच्या तोंडावर तर बुरशीसारखं काहीतरी धरलेलं. आणि त्याहून ओंगळ त्याचं बोलणं. बाईचा शेवटचा पत्ता लाटायचा, वर तिलाच व्याकरण शिकवायचं!

“अरे, शत्रू मेला की लढाईच संपली,” काका म्हणाले. “मग दंड माफ करून उपयोग काय? त्याचं लोणचं घालायचं? तेव्हा मारलं म्हणजे फटकाच.”

कंपाउंडर कान कोरत ऐकत होता. काडीच्या टोकाला काय निघालं ते त्याने निरखून पाहिलं आणि पँटला पुसलं. “हे तुमचं मत झालं, काका. तसं छापलेलं दाखवा.”

काकांना वाटलं, उठून हात धुवावेत, नुसतं याच्यासमोर बसल्याबद्दल. सरळ बोललेलं या माणसाच्या डोक्यात शिरणार नव्हतं. मग त्यांनी ठेवणीतलं काढलं.

“छापील कशाला? मघाशी संडासला गेलो होतो ना, तेव्हा खेळ बनवणाऱ्या साहेबांनाच फोन लावला. म्हणाले, मारलं म्हणजे फटका. बोलता बोलता रडले हो बिचारे! म्हणाले, असल्या शंका काढणाऱ्याचा राक्षस आधी जप्त करा. मागे त्यांचा पाळलेला ड्रॅगन ओरडत होता, म्हणून पुढचं नीट ऐकू आलं नाही.”

कंपाउंडरचा चेहरा उतरला. ओल्या अंगठ्याने त्याने राक्षस हळूहळू शिंपिणीकडे सरकवायला घेतला. तिने हात पुढे केला.

“अहो,” गल्ल्यावरून काकूंचा आवाज आला, “तुमचा फोन सकाळपासून इथे माझ्यासमोर चार्जिंगला लावलाय. थाप मारलीत ती मारलीत, माझ्या डोळ्यांदेखत मेलीसुद्धा!”