अख्खी निघाले मी

मी गाठ बोलतेय. दचकू नका, आता कुणाच्या पोटात नाही. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, बरणीत निवांत पडलेय.

माझा जन्म कुरवंड्याच्या कस्तुराबाईच्या जठराच्या भिंतीत झाला. लिंबाएवढी झाले तरी हूं की चूं केलं नाही. पोट जड झालं की बाई म्हणायची, "पित्त झालंय." मग ओवा काय, सोडा काय, हिंग काय! बिचाऱ्या पित्ताने माझ्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्या.

पुढे माझ्यातून रक्त झिरपायला लागलं. बाईला शौचाला काळं व्हायचं, चढाला दम लागायचा. पण हे सांगायचं कसं? लाज! शेवटी बांधावर चक्कर येऊन पडली, तेव्हा सून राजेश्वरीने लोणावळ्याला आणलं. तोंडातून दुर्बीण घालून झाली, स्कॅन झालं आणि मी सापडले.

"ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर कौसर म्हणाल्या.

बाई खाटेवरून उठलीच. "न्हाई! गाठीला सुरी लागली की ती पसरती. लय जणांचं आयकलंय. मला मरायचं न्हाई येवढ्यात."

"मावशी, ही गाठ फुटली तर पसरू शकते, हे खरंच. म्हणून तिला सुरी लावायचीच नाही. भोवतालचं थोडं जठर घेऊन अख्खी काढायची."

"मग आदी तसं बोला की!"

काय सांगू, इतकं जपून मला कधी कुणी हाताळलं नव्हतं. नव्या नवरीसारखी पिशवीत घालून बाहेर आणलं. सुरी लागली ती इथे, तपासणीच्या टेबलावर. चौथ्या दिवशी बाई विचारत होती, "भाकरी कवा?"

रिपोर्ट चांगला आला. चार सेंटिमीटर, सावकाश वाढणारी, कापलेल्या कडा स्वच्छ, म्हणजे माझा अंशही मागे नाही. परतायची शक्यता फार कमी, गोळ्यांचीही गरज नाही. फक्त ठरल्या वेळी स्कॅन करायचं.

आणि काल राजेश्वरी त्या स्कॅनची तारीख रद्द करायला आली. "आत्याबाई म्हणत्यात, अख्खी निघाली, आता कशाला? भात काढायचाय."

अगं कस्तुरे, भातातलं तण मुळासकट उपटलंस, तरी आठ दिवसांनी खाचरात डोकावतेसच ना? मग स्वतःच्या पोटाचाच आळस का? मला तुझा राग नाही गं, इतकी वर्षं तुझंच खाल्लं. जा, बघून ये. मी तिथं नसेनच बहुतेक. पण ते 'बहुतेक' पुसायला तुलाच जावं लागेल.