बोटभर खेळ

“परत ढिलं झालंय!” गाडीतून उतरायच्या आधीच ओमुरोसान ओरडले. “काय दुरुस्त केलंस रे ताकेजी? स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी आपली डावीकडेच पळतेय.”

तीन आठवड्यांतली ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला त्यांची तक्रार खरी होती. शेजारचा म्हातारा वारल्यावर त्याच्या मुलाकडून त्यांनी ही छोटी पांढरी गाडी घेतली, बारा वर्षं जुनी. मी ती वर उचलली, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर आतून ‘खट्’ आवाज आला. चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा सांधा झिजला होता. दोन्हीकडचे सांधे बदलले, अलाइनमेंट केली आणि त्यांना स्टेअरिंगवर एक बोट ठेवायला लावलं.

“आता बघा. बोटभर आसोबी आहे, बस्स.”

आसोबी म्हणजे खेळ. पोरं अंगणात खेळतात त्यालाही आम्ही आसोबीच म्हणतो. चाकं वळायच्या आधी स्टेअरिंग जेवढं नुसतंच हलतं, तेवढी त्याची आसोबी. जास्त झाली की गाडी भरकटते. अजिबात नसली तर रस्त्यावरचा खडान् खडा हाताला झटका देतो.

“मला शिकवतोस?” ते तेव्हा म्हणाले होते. “तू माझ्या बसमध्ये मागच्या सीटवर ओकायचास, तेव्हापासून आसोबी ओळखतो मी.”

ओकायचो, हे खरं आहे. आमच्या खोऱ्यातली बस त्यांनी चौतीस वर्षं चालवली, कुठे ओरखडा पडू दिला नाही. चार वर्षांपूर्वी चढायला माणसंच उरली नाहीत म्हणून ती बंद झाली. आता त्यांची बायको फुमिएबाई खाली इवागासा गावातल्या वृद्धाश्रमात असते, इथून बावीस किलोमीटर. ती कुणाला ओळखत नाही, नवऱ्यालाही नाही. पण दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ गच्च मिटते, आणि ओमुरोसाननी केला की उघडते. म्हणून हा माणूस रोज दुपारी खाली जातो, तिला पेज भरवतो आणि परत येतो. बाकी त्यांचं जगात काही काम उरलेलं नाही.

मी गाडी पुन्हा वर घेतली. चाकं हलवून पाहिली, सांधे पाहिले, स्टेअरिंगच्या दांड्यापासून खालपर्यंत एकेक नट पिळून पाहिला. सगळं घट्ट. माझ्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती आणि त्या दिवशी मला त्याचा पहिल्यांदाच आनंद झाला नाही. कारण डाव्या टायरची कड सोलून निघाली होती. डाव्या आरशाला चिकटपट्टी लावलेली होती. डावीकडचा पत्रा पुढून मागपर्यंत खरवडला होता. उजवी बाजू मात्र दुकानातून आणल्यासारखी.

“चला, एक चक्कर मारू,” मी म्हणालो. “चालवा तुम्हीच.”

त्यांनी खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले. बस सुटली, पण मोजे सुटले नाहीत. निघण्यापूर्वी बोट दाखवून मोठ्यानं बोलायची बसवाल्यांची रीतही सुटली नव्हती.

“उजवीकडे ठीक!” बोट उजवीकडे, नजर उजवीकडे. “डावीकडे ठीक!” बोट डावीकडे. नजर समोरच.

पुलापर्यंत बरं चाललं. मग त्यांचा डावा हात हळूहळू घसरत मांडीवर आला आणि त्यांना ते कळलं नाही. तांदळाच्या गिरणीपाशी आम्ही थांबलो. डाव्या खिडकीला खेटून टपालवाली ओगिनोबाई स्कूटरवर उभी होती, लाल हेल्मेट घालून. हात लांबवला असता तर मला तिची पिशवी धरता आली असती.

“डावीकडे ठीक!” म्हणत ओमुरोसाननी गाडी तिकडेच वळवली.

मी झडप घालून स्टेअरिंग ओढलं. ओगिनोबाई किंचाळली, “अहो ओमुरोसान! जीव घेता का काय?”

“ही कुठून आली?” त्यांनी मला विचारलं. अगदी मनापासून विचारलं. आणि मग, गाडी कडेला लावल्यावर, आशेनं माझ्याकडे बघत म्हणाले, “पाहिलंस ना, कशी खेचते? सांगत होतो मी तुला!”

गाडीत दोष निघावा म्हणून एवढी आर्जवं मी कुणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. परतताना मी चालवली. गॅरेजमध्ये आल्यावर बोनेट उघडून उगाच आत डोकं घालून उभा राहिलो, तिथूनच बोललो.

“स्टेअरिंगचा रॅकच गेलाय, ओमुरोसान. हिचे भाग आता बनवत नाहीत. गाडी मोडीत काढावी लागेल. तुम्हीही एकदा डॉक्टरांना दाखवून या, बरेच धक्के बसले असतील.”

“भाग मिळत नाहीत?”

“नाही.”

“दुसरी एखादी गाडी?”

मी ऑइलची कांडी काढून पुसली, परत आत खोचली.

“मग फुमिएला भरवणार कोण?”

“रविवारी गॅरेज बंद असतं. रविवारी मी नेईन तुम्हाला.”

“आणि सोमवारी?”

त्यांनी मोजे काढले, घडी करून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले. डेपोत बस लावल्यावर वाकायचे तसे गाडीपुढे कमरेत वाकले आणि निघाले. दारापाशी थांबले.

“ताकेजी, खोटं बोलताना तू कान खाजवतोस. बसमध्ये कोण ओकलं, विचारलं की असाच खाजवायचास.”

मी कानावरचा हात खाली घेतला. ते रस्त्याच्या अगदी उजव्या कडेनं, पाय ओढत घरी गेले.

पुढे इवागासाच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत कधीतरी रक्ताची बारीक गुठळी अडकून गेलीय. डावीकडचं जग त्यांच्यापुरतं पुसलं गेलंय, ते परत यायचं नाही. दर रविवारी मी त्यांना खाली नेतो. फुमिएबाई वाटीभर पेज खाते. बाकीच्या दिवशी दोन-चार चमच्यांवर भागवते, असं नर्स म्हणते. महिन्याभरात तिची मनगटं काडीसारखी झाली आहेत. ओमुरोसान ती पाहतात आणि जाताना माझे आभार मानतात, मला ते सहन होत नाही.

गाडी मी अजून मोडीत दिलेली नाही. मागच्या अंगणात उभी आहे, मोजे तसेच आत. काल गॅरेज बंद करताना तिच्यात जाऊन बसलो आणि स्टेअरिंगवर एक बोट ठेवलं.

बोटभर आसोबी. हवी तेवढीच.