बॅटरीचं गोड पाणी

नांदुऱ्याकडच्या खारपट्ट्यात विहिरी भरलेल्या असतात आणि माणसं तहानलेली. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहा केला तर तोंड वाकडं होतं. म्हणून रेल्वे सायडिंगलगतच्या जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसातला चहा पंचक्रोशीत नावाजलेला होता. कापसाचे व्यापारी काम संपल्यावरही एक कप घेतल्याशिवाय उठत नसत. "गुलाबरावच्या हातालेच गोडी आहे," असं म्हणत. शिपाई गुलाबराव मान खाली घालून हसे. पण चहा करताना आपल्या कोपऱ्यात कुणाला येऊ देत नसे.

कोकिळाही तो चहा आवडीनं प्यायची. अकोल्याला बी.एस्सी. करून ती परत आली होती आणि शाळेतल्या नोकरीची ऑर्डर येईपर्यंत फॅक्टरीच्या टेलिफोन बोर्डावर बसत होती. बोर्ड लहानच. एक लाईन बाहेरची, गावच्या एक्स्चेंजकडून आलेली. बाकीच्या आतल्या: मॅनेजरसाहेब, गाठी बांधायचं प्रेस, फाटक आणि गंजीचं आवार.

या शेवटच्या लाईनवर तिचा जीव अडकलेला असे. आवारात कापसाच्या गंज्या होत्या आणि त्यांची राखण तिचे वडील जानराव करीत. दिवसभर कापसाच्या बैलगाड्या रित्या होत असल्यानं गंजी उघडीच ठेवावी लागे. सायडिंगवर कोळशाचं इंजिन यायचं असलं की स्टेशनातून फोन येई, कोकिळा आवारात कळवी, आणि जानराव गंजीवर चढून ताडपत्री ओढून घेत. मध्ये शेड आडवी असल्यानं इंजिन त्यांना दिसत नसे आणि जिनिंगच्या ऑइल इंजिनच्या धडधडाटात शिट्टीही ऐकू येत नसे. सारी भिस्त फोनच्या घंटीवर. कापसात पडलेली ठिणगी लगेच पेटत नाही; आत शिरून बसते, आणि पेटते तेव्हा वर उभ्या असलेल्या माणसाला खाली उतरायला वेळ मिळेलच असं नाही.

होळीच्या आधी कोकिळाला पहिल्यांदा तो वास आला. बोर्डाशेजारच्या खोलीत काचेच्या भांड्यांची बॅटरी होती. पटकीच्या साथीत विहिरीत पावडर टाकतात, तसा उग्र वास तिथून येत होता. बॅटरीला आम्लाचा वास असतो, हा नव्हे. हा क्लोरीनचा होता. आणि क्लोरीन यायचा तर कुठूनतरी मीठ आत गेलेलं असलं पाहिजे.

तिनं भांड्यांत वाकून पाहिलं. तळाशी गाळ साचला होता आणि प्लेटांवर पांढुरकं काहीतरी चढलं होतं. कोपऱ्यात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचे काचेचे बुधले उभे होते, काठोकाठ भरलेले. तिनं एकातलं थेंबभर पाणी जिभेवर घेतलं.

खारं.

ती तशीच गुलाबरावच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली. तो एका बुधल्यातून चहाच्या पातेल्यात पाणी ओतत होता.

"हे बॅटरीचं पाणी आहे, गुलाबराव!"

"हाव. गोड लागते ना?" तो जरा ओशाळला. "माणसानं खारं प्यावं अन् बॅटरीनं गोड, हा कोणता न्याय, बाई? रिकामा बुधला बरा दिसत नाही म्हणून मी विहिरीचं भरून ठेवतो. कपड्यानं गाळून ठेवतो, हो! एक काडीबी सापडायची नाही."

कोकिळाला हसू आलं नाही. कपड्यातून काडी गाळली जाते, मीठ नाही. तो चहा तीही रोज पीत आली होती.

मॅनेजर उत्तमराव वाईट माणूस नव्हते. हंगामानं गांजलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, तिला बोर्डावरून प्रेस लावायला सांगितलं आणि समोरचा रिसीव्हर उचलला. पलीकडून माणूस बोलला. "ऐकलंस? खणखणीत!"

"लाईट आहे म्हणून, साहेब. लाईट असली की चार्जर बोर्ड चालवतो. बॅटरी जिवंत आहे की मेलेली, ते लाईट गेल्याशिवाय कळत नाही. थोडा वेळ स्विच बंद करून पाहू द्या."

"बंद करून फोन चालले, तर तू उगाच घाबरवलंस. नाही चालले, तर भर हंगामात तू फोन पाडलेस. म्हणजे दोन्हीकडून मीच मरणार." ते हसले. "हंगाम संपू दे, नवी मागवू. तोवर गुलाबरावले पाण्याले हात लावू नको म्हणून सांगतो."

त्या दिवसापासून ऑफिसातला चहा बिघडला आणि सगळे कोकिळाकडे रागानं पाहू लागले. वास मात्र गेला नाही. गेलेलं मीठ भांड्यातून परत येत नसतं.

घरी जेवताना तिनं वडिलांना समजावलं. "बाबा, बॅटरी मेली तर माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचणार नाही. पण बोर्डाले हँडल आहे. ते हातानं फिरवलं की तुमची घंटी वाजेल. घंटी वाजली अन् कोणी बोललं नाही, तर इंजिन आलं समजा. वाट पाहू नका."

"म्हणजे मुक्यानं हाक मारली की धावायचं," जानराव म्हणाले. "अन् बोललं तर ऐकून घ्यायचं. ध्यानात आहे, पोरी."

पुढं एका दुपारी गरम वारा सुटला. धुळीनं फाटक दिसेना. बोर्डावरचा पंखा मंदावला आणि थांबला. लाईट गेली होती. कोकिळानं प्रेसची लाईन जोडली. पलीकडचा माणूस एक वाक्य नीट बोलला. दुसरं विहिरीत उतरत गेल्यासारखं खोल खोल गेलं. तिसरं आलंच नाही. बोर्डाचा दिवा लालसर झाला आणि विझला.

तेवढ्यात बोर्डावर बाहेरच्या लाईनची झडप खाली पडली, म्हणजे फोन आला होता. ती लाईन गावच्या एक्स्चेंजच्या बॅटरीवर होती, तिला काही झालं नव्हतं. "मालडबे घ्यायला इंजिन निघालंय," स्टेशनातला माणूस सांगून मोकळा झाला.

तिनं आवाराची लाईन जोडून हँडल गरागरा फिरवलं. पलीकडं रिसीव्हर उचलल्याची खरखर झाली. आणि सवय म्हणा, भीती म्हणा, तिचं तोंड आपोआप उघडलं. "बाबा, झाका! इंजिन आलं!"

क्षणभर विसावलेल्या बॅटरीत थोडीशी धुगधुगी परत आली होती. शब्द पोचवण्याइतकी नव्हे. कुणीतरी बोलतंय एवढं कळण्याइतकी.

"कोकी?" कानात किड्यासारखा आवाज कुरकुरला. "मोठ्यानं बोल... काय म्हणून राह्यली?"

"झाका, बाबा!"

"थांब, थांब... ऐकून राह्यलो मी..."

काही ऐकू आलं नसतं, तर ते केव्हाच धावले असते. तिचा प्रत्येक शब्द त्यांना फोनपाशी धरून ठेवत होता.

तिनं लाईन जोडायची दोरी बोर्डातून उपसली. पुन्हा जोडली. पदराचा बोळा दातांत धरला आणि हँडल फिरवत राहिली. "बोल ना, बाई..." ते म्हणाले. ती बोलली नाही. "कोकी?" ती बोलली नाही. मग पलीकडं रिसीव्हर आपटला.

धूळ जरा विरळ झाली तेव्हा खिडकीतून दिसलं, शेडच्या छपरावरून काळा धूर सरकत होता. गंजीवर जानराव ताडपत्री ओढत होते. वाऱ्याकडचा एक कोपरा अजून उघडा होता. ताडपत्री तिथवर पोचायच्या आत त्या कोपऱ्यातून पांढरा धूर निघाला. जानराव धुरावरच पालथे पडले आणि दोन्ही हातांनी कापूस उपसून खाली फेकू लागले. खालून गडी बादल्या घेऊन धावले. कुणीतरी ऑइल इंजिन बंद केलं.

आग विझली. जानरावांना उतरवून सावलीत बसवलं. त्यांचे हात कोपरापर्यंत भाजले होते आणि गड्यांनी ते घमेल्यात बुडवले होते. घमेल्यातलं पाणी विहिरीचं होतं, खारं. त्यांचं कण्हणं ऑफिसपर्यंत ऐकू येत होतं.

कोकिळा दारापर्यंत पोचली आणि पंखा फिरू लागला. बोर्डाचा दिवा लख्ख लागला. साहेबांची झडप पडली. ती सवयीनं मागं वळली.

"कोकिळा, डॉक्टरांना फोन लाव. आणि हे बघ," उत्तमरावांचा आवाज अगदी स्वच्छ येत होता, "बोर्ड तर ठीकच आहे. आत्ता किती स्पष्ट ऐकू येतंय! तुझ्या वडिलांनीच ऐकण्यात उशीर..."

तिनं आधी बाहेरच्या लाईनवरून डॉक्टरांना बोलावलं. मग उठून बॅटरीच्या खोलीत गेली. गुलाबराव तिथं भिंतीला टेकून उभा होता. तो बाजूला झाला. साहेबांनी बंद करू न दिलेला चार्जरचा स्विच तिनं खाली ओढला.

भिंतीपलीकडं उत्तमराव अजून बोलतच होते. मग थांबले.

"हॅलो?" ते म्हणाले. "हॅलो, कोकिळा?"

जिनिंग बंद होतं, त्यामुळं आज शिट्टी सगळ्यांना ऐकू आली. डबे जोडून इंजिन परत निघालं होतं. मुका पडलेला रिसीव्हर कानाला लावून साहेब खिडकीशी उभे होते, आणि समोरची गंजी विझवण्याच्या गडबडीत पुन्हा उघडी पडली होती.