सातवी वस्तू

टेबलावर सात वस्तू होत्या: चमचा, किल्ली, लाल बटण, पेन्सिल, लिंबू, बशी आणि आईचं अंगुस्तान. रोज सहा असत. दाराशी भरून ठेवलेली बॅग होती. बाबांनी ती मघाशीच वजनकाट्याला लावून पाहिली होती. बावीस किलो सातशे.

तिने वस्तू पुन्हा मोजल्या. पडदा झोपेत श्वास घेतल्यासारखा फुगत होता आणि मावळता उजेड वस्तूंवरून पाण्यासारखा सरकत होता. शिवताना आई बोटात घालायची ते पितळी अंगुस्तान, आई गेल्यापासून बाबांच्या चष्म्याच्या डबीत असे. ते सोबत न्यावं, असं महिनाभर तिच्या ओठांवर येत होतं आणि दर वेळी ती ते गिळून टाकत होती.

“कर सुरू,” बाबा म्हणाले. “फुकट काही मिळणार नाही.”

उद्या ती नोकरीसाठी स्पॅनिश बोलणाऱ्या देशात निघणार होती. खेळ बाबांचाच: तिने स्पॅनिशमध्ये मागायचं, बाबांनी पुस्तकात बघून तपासायचं, वाक्य बरोबर आलं तरच वस्तू हातात. स्वतः ते फक्त ‘घे’ म्हणत.

“मे लो दास?” तिने किल्लीकडे बोट केलं. मला देतोस?

“चुकलं. ‘लो’ नाही, ‘ला’. किल्ली त्यांच्यातही बाईमाणूस आहे. आणि बापाला अरेतुरे?”

“तिथे घरात असंच बोलतात, बाबा.”

“मजा आहे तुझी.”

तिने वाक्य सुधारलं, किल्ली आली. चमचा, बटण, पेन्सिल, लिंबू, बशी आली. तिच्यापुढे वस्तूंचं एक लहानसं गाव वसलं. समोर एकच उरली.

तिने त्या पितळेकडे पाहिलं; अंगुस्तान मात्र त्यांच्यात पुरुषमाणूस, इथे ‘लो’च. सुईच्या खळग्यांत उजेड साचला होता.

“मे लो दास?” अगदी हळू.

“ऐकू नाही आलं.”

“मे लो दास?”

बाबांनी पुस्तक मिटलं. अंगुस्तान करंगळीत घालून पाहिलं, पेरापाशीच अडलं. त्यांनी ते काढलं, सदऱ्याला पुसलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं.

“ते लो दोय,” ते म्हणाले. तुला देतो. उच्चारात एकही चूक नव्हती.

तिने बॅगेची चेन थोडी उघडली, अंगुस्तान कपड्यांच्या मधोमध सरकवलं आणि चेन लावली. बाबांनी बॅग पुन्हा काट्याला अडकवली, चष्मा नाकावर खाली ओढला आणि आकडा वाचला.

“बावीस किलो सातशे. तेवढंच.”